तळटीप: ॲस्बेस्टॉसग्रस्त माजी सैनिकाची भरपाई

ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात शिरले तरी आजार दिसायला अनेकदा वीस-तीस वर्षे जातात. पिंपरी-चिंचवडमध्ये ब्रेक-लायनिंग घासणारा कामगार आणि देहूरोडच्या छावणीतून निवृत्त झालेला सैनिक यांना रोग एकच होऊ शकतो. कायदा मात्र वेगळा लागतो.

कामगाराच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा 27 जानेवारी 1995 चा निकाल आहे. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांतला जो काळ जास्त तोवर जपायच्या आणि आजार सिद्ध झाल्यास 1 लाख रुपये द्यायचे, असा तो आदेश. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्याच्या यादीतही ॲस्बेस्टॉसिस होता.

सैनिकांना मात्र त्या कायद्याने वगळले होते!

त्यांच्यासाठी वाट विकलांगता निवृत्तिवेतनाची. ते नाकारले तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाची. भरतीच्या वेळी नोंदलेला नसलेला आजार सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे, हे धरमवीर सिंग खटल्यात (2013) तेव्हाच्या नियमांआधारे ठरले. ब्रिटनने 2016 पासून मेसोथेलिओमा (ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग) झालेल्या माजी सैनिकांना 1 लाख 40 हजार पौंड एकरकमी घेण्याची सोय केली. भारतानेही तशी स्वतंत्र तरतूद करायला हवी. तोवर माजी सैनिकांनी नेमणुकीची आणि वैद्यकीय तपासणीची कागदपत्रे जपून ठेवावीत.