न्यूयॉर्कच्या सबवेत पाहुणा का चुकतो?

आपल्याकडे सबवे म्हटलं की रस्त्याखालून पलीकडे जायची वाट. न्यूयॉर्कमध्ये सबवे म्हणजे भुयारी रेल्वे, आणि गंमत म्हणजे तिच्या कितीतरी जुन्या स्टेशनांत नेमकी ही पलीकडे जायची वाटच नाही! लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू मार्गावरचं 28व्या रस्त्याचं स्टेशन घ्या. चुकीच्या जिन्याने उतरलात की उलट दिशेचा फलाट. मग पुन्हा वर, रस्ता ओलांडा, समोरच्या जिन्याने खाली. वर भाडंही परत भरायची वेळ येते. पाहुण्याला वाटतं, आपणच वेंधळे.

खरं कारण बांधकामात आहे. हा मार्ग 27 ऑक्टोबर 1904 रोजी सुरू झाला, भाडं 5 सेंट. लंडनच्या काही मार्गांसारखा तो खोल बोगद्यातून नेलेला नाही. इथे बहुतेक ठिकाणी रस्ताच उकरला, रूळ टाकले, वर पोलादी छत घालून रस्ता पूर्ववत केला. फायदा हा की प्रवाशाला थोड्याच पायऱ्या उतराव्या लागतात. तोटा हा की फलाट आणि रस्ता यांच्यामध्ये मधला मजला काढायला जागाच उरत नाही. त्यातून चार रूळ: मधले दोन जलद गाड्यांचे, कडेचे दोन धिम्या गाड्यांचे. (मुंबईकराला हे समजावून सांगायला नको.) धिम्या स्टेशनांचे फलाट त्यामुळे दोन कडांना गेले आणि प्रत्येकाला स्वतःचा जिना मिळाला.

दुसरा गोंधळ नावांचा. मॅनहॅटनमध्ये ‘23वा रस्ता’ नावाची पाच वेगवेगळी सबवे स्टेशनं आहेत, आणि आतून ती एकमेकांना जोडलेली नाहीत. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण इथूनच सुरू होतं, कारण आज आपण जिला एक व्यवस्था म्हणतो ती मुळात तीन होत्या. आयआरटी आणि बीएमटी या दोन खाजगी कंपन्या. तिसरी, आयएनडी, खुद्द शहराची, 1932 साली आलेली, तीही बऱ्याच ठिकाणी त्यांच्याशी स्पर्धा करणारी. आपलं स्टेशन दुसऱ्याच्या स्टेशनाला जोडून द्यायची कुणाला हौस?

स्पर्धेपेक्षा 5 सेंटांनी कंपन्यांना जास्त मारलं, असं माझं मत. 1913च्या करारांनी भाडं बांधून टाकलं होतं. पहिल्या महायुद्धात मजुरी आणि कोळसा महागला, पण भाडेवाढीचं नाव काढणारा पुढारी निवडणुकीत पडणार हे सगळ्यांना माहीत. शेवटी 1940 साली शहराने दोन्ही कंपन्या विकत घेतल्या. भाडं 10 सेंट व्हायला मात्र 1948 उजाडलं.

मालक एक झाला तरी बोगदे एक झाले नाहीत. आयआरटीचे बोगदे अरुंद, त्यामुळे तिचे डबेही अरुंद. आजही आकड्यांच्या गाड्या (1, 2, 3...) म्हणजे जुनी आयआरटी, अक्षरांच्या (ए, बी, सी...) म्हणजे बाकीच्या दोघी. अक्षरांची रुंद गाडी आकड्यांच्या बोगद्यात शिरूच शकत नाही. उलट अरुंद गाडी रुंद मार्गावर आणली, तर डबा आणि फलाट यांच्यात चांगलीच फट पडते.