चंद्रकांत काकोडकर

चंद्रकांत कल्याणदास काकोडकर हे मराठीतील लोकप्रिय कादंबरीकार व कथालेखक होते. त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवरील अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये त्याचा निकाल काकोडकरांच्या बाजूने लागला. अश्लीलतेविषयीच्या भारतीय कायद्याच्या अभ्यासात हा निकाल महत्त्वाचा मानला जातो.

लेखन

काकोडकरांच्या कादंबऱ्या प्रामुख्याने रंजनप्रधान असून प्रेम, विवाह व कौटुंबिक ताणतणाव हे त्यांचे विषय होत. खाजगी वाचनालयांतून त्यांना मोठा वाचकवर्ग लाभला. त्यांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवरून दिग्दर्शक राज खोसला यांनी ‘दो रास्ते’ (१९६९) हा हिंदी चित्रपट काढला. राजेश खन्ना, मुमताज व बलराज साहनी यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट अत्यंत यशस्वी ठरला. त्याच्या कथेसाठी काकोडकरांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

‘श्यामा’ खटला

‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली. निशिकांत हा कवी आणि त्याच्या आयुष्यात एकामागून एक आलेल्या नीला, वनिता व श्यामा या तीन स्त्रिया यांच्याभोवती तिचे कथानक फिरते. या अंकातील मजकूर वाचकांची, विशेषतः तरुणांची, मने भ्रष्ट करणारा आहे, अशी तक्रार पुण्यातील एका रहिवाशाने न्यायालयात केली. त्यावरून लेखक, मुद्रक-प्रकाशक व विक्रेता यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली खटला चालला.

पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवले. त्याविरुद्धच्या अपिलात मुंबई उच्च न्यायालयाने लेखक व मुद्रक-प्रकाशक यांना दोषी ठरवून प्रत्येकी २५ रुपये दंड केला. विक्रेत्याची सुटका मात्र कायम ठेवली. अंकाच्या प्रती नष्ट करण्याचाही आदेश देण्यात आला. दंडाची रक्कम किरकोळ असली, तरी त्यामुळे लेखकावर गुन्हेगारीचा शिक्का बसत होता. काकोडकरांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

निकाल

‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीच्या विक्रीबद्दल एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये रणजित उदेशी खटल्यात कायम केली होती. त्यामुळे काकोडकरांच्या अपिलाचा निकाल काय लागेल, हे निश्चित नव्हते. ऑगस्ट १९६९ मध्ये न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. निकालपत्र न्या. पी. जगनमोहन रेड्डी यांनी लिहिले.

कथा सुटे उतारे काढून नव्हे, तर संपूर्णपणे वाचून तपासली पाहिजे; एखाद्या व्यक्तीवर नव्हे, तर वाचकांच्या वर्गावर तिचा काय परिणाम होईल हे पाहिले पाहिजे; आणि समाजाच्या बदलत्या धारणा विचारात घेतल्या पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटले. केवळ लैंगिक उल्लेख अश्लील मानला, तर धार्मिक पुस्तकांखेरीज काहीच विकता येणार नाही, अशा आशयाचे निरीक्षणही त्यात आहे.

न्यायालयाने कथेची स्तुती केली नाही. तिचा वाङ्मयीन दर्जा फारसा उच्च नसेल व तीत लेखकाची अपरिपक्वता दिसत असेल, तरी तिच्यात गुन्हा ठरेल असे काही नाही, असा निर्वाळा दिला.

महत्त्व

मराठीत याआधी र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ आणि बा. सी. मर्ढेकरांच्या कविता यांवरही अश्लीलतेचे खटले झाले होते. कर्वे यांचे लेखन समाजसुधारणेचे होते, तर मर्ढेकर नवकवितेचे प्रवर्तक होते. काकोडकरांच्या बाबतीत मात्र प्रश्न रंजनपर लेखनाचा होता. साहित्यकृती सामान्य असणे आणि ती अश्लील असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे या निकालाने स्पष्ट झाले. त्याच वर्षी कलम २९२ मध्ये दुरुस्ती होऊन साहित्य, कला व विज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला अपवाद म्हणून स्थान मिळाले.

समरेश बसू खटला (१९८५) तसेच वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेविषयीचा खटला (२०१५) यांत सर्वोच्च न्यायालयाने काकोडकर निकालाचा विचार केला.