वर्षाची बेगमी

इतिहास म्हटला कीं आपणांस राजे, लढाया आणि तह यांचीच आठवण होते. ज्या धान्यावर सैन्यें चाललीं आणि ज्या कोठारांवर राज्यें टिकलीं, त्यांचा उल्लेख एखाद्या ओळींत उरकला जातो. आणि सामान्य कुटुंबानें आपलें वर्षाचें धान्य कोठून आणलें, कोणत्या मापानें मोजून घेतलें व कशांत भरून ठेवलें, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेंत येतो असें कोणास वाटतच नाहीं. वस्तुतः माणसाच्या स्वातंत्र्याचा व परावलंबनाचा पुष्कळसा वृत्तांत याच प्रश्नाच्या उत्तरांत सांठविलेला असतो.

हा विषय आज हातीं घेण्याचें कारण असें. अमेरिकेंत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून तेथील वखारवजा दुकानांचीं वर्णनें आतां आपल्या घरोघरीं पोंचलीं आहेत. वर्षाची वर्गणी भरून सभासद झाल्याखेरीज तेथें प्रवेश नाहीं. आंत शोभेचें असें कांहीं नाहीं. उंच लोखंडी मांडण्यांवर मालाच्या थप्प्या लागलेल्या. तांदूळ घ्यावा तर पोतें, तेल घ्यावें तर डबा, बदाम घ्यावे तर मोठी थैली. एका घरास इतकें संपत नाहीं म्हणून दोन-तीन घरें मिळून खरेदी करितात व मग वांटून घेतात. या दुकानांची परंपरा १९७६ सालीं सुरू झाली. सोल प्राइस नांवाच्या व्यापाऱ्यानें सॅन दिएगो शहरीं विमानें ठेवण्याच्या एका जुन्या इमारतींत ‘प्राइस क्लब’ उघडला. १९८३ सालीं सिअॅटल येथें ‘कॉस्टको’ निघालें व १९९३ सालीं दोन्ही एक झालीं. यांतील गणित सरळ आहे. साधें मोठें दुकान कित्येक हजार प्रकारचा माल ठेवतें. येथें सुमारें ४,००० प्रकारच ठेवावयाचे, प्रत्येकावर नफा थोडा घ्यावयाचा, आणि कमाईचा मोठा भाग वर्गणींतून काढावयाचा.

ही व्यवस्था ऐकून आपल्याकडील मंडळींस नवल वाटतें, आणि तें स्वाभाविकही आहे. परंतु जी गोष्ट नवी म्हणून आपण पाहतों, तिचा मूळ विचार, म्हणजे पुष्कळ एकदम घ्यावें व स्वस्त घ्यावें, हा आपल्या आजीबाईंना पूर्णपणें अवगत होता. फरक आहे तो दुसरीकडे. आणि तो नीट दिसावा म्हणून आम्ही वाचकांस एका बाजूच्या गांवीं घेऊन जातों.

वैनगंगेच्या कांठीं, जुन्या चांदा जिल्ह्यांत, वडसा हें गांव आहे. त्याच्या पेठेस देसाईगंज म्हणतात. हें नांवच विचार करण्याजोगें आहे. फारसींत ‘गंज’ म्हणजे खजिना, सांठा. हिंदुस्थानींत त्याचा अर्थ धान्याची बाजारपेठ असा रूढ झाला. आणि आपल्या शेतकऱ्याची गवताची गंजीही याच शब्दाची आठवण करून देते. म्हणजे सांठा आणि बाजार या दोन कल्पना या एका शब्दांत पूर्वींपासून एकत्र नांदत आल्या आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीं बंगाल-नागपूर रेल्वेची अरुंद रुळांची शाखा गोंदियाहून नागभीडमार्गें चांद्याकडे निघाली व वडसा तिजवरचें एक स्थानक झालें. पुढें २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चांदा जिल्ह्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्या संबंध अरण्यमय जिल्ह्यास आगगाडीचें स्थानक असें दीर्घकाळ हेंच एक होतें. साहजिकच रानांतील माल बाहेर जाण्याचें व बाहेरचा माल रानांत शिरण्याचें हें दार ठरलें. कुरखेडा, कोरची, आरमोरी इकडील माणसांस वडशाचा बाजार म्हणजे जगाचा उंबरठा.

हा सारा मुलूख धानाचा. गोंड राजांच्या आमदानींत ज्या कोहळी लोकांनीं गांवोगांव तलाव बांधले, त्यांच्या श्रमावर येथील भातशेती उभी राहिली. धान घरीं आलें कीं तें बांबूच्या, शेणमातीनें लिंपलेल्या ढोलींत वा कणगींत भरावयाचें. मोजणी पायलीनें, कुडवानें आणि खंडीनें. ज्याची कणगी भरली त्याचें वर्ष भरलें, इतका साधा हिशेब. घरांत न पिकणारें तेवढें बाजारांतून आणावयाचें : मीठ, मसाला, कापड, लोखंडी अवजारें, सुकविलेली मासळी. बाकीचें रान पुरवी. उन्हाळ्यांत मोहफुलें, टेंभरें आणि चारोळी. पावसाळ्यांत बांबूचे कोंवळे कोंब, ज्यांस तिकडे वास्ते म्हणतात, आणि सात्या नांवाच्या रानअळंब्या. गरम भात, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, नदीची मासळी, सकाळीं आंबील. या जेवणाची गोडी ज्यानें घेतली त्यास पोत्यांनीं भरलेल्या परदेशी वखारीचा हेवा वाटण्याचें कारण नाहीं.

खरेदीचा आनंदही येथें कांहीं कमी नव्हता व नाहीं. पुण्यामुंबईच्या वाचकास मंडई म्हणजे भाजीचा बाजार. झाडीपट्टींत मंडई म्हणजे दिवाळीनंतर गांवोगांव भरणारा उत्सव. पाहुणे येतात, लेकी माहेरीं येतात, दिवसा बांगड्या, खेळणीं, मिठाई यांचीं दुकानें लागतात आणि रात्रीं दंडार किंवा नाटक. झाडीपट्टीच्या रंगभूमीचें ठाणें आज वडसाच आहे. नाटकमंडळ्यांचीं कार्यालयें तेथें असून दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांचे प्रयोग आसपासच्या गांवीं रात्रभर चालतात. या हंगामाचें रहस्य कलेंत जितकें आहे तितकेंच कणगींत आहे. नवें धान घरांत आलेलें असतें; पोट आणि मूठ दोन्ही भरलेलीं असतात; म्हणून करमणुकीस पैसा निघतो.

परंतु येथवरचें चित्र अर्धेंच आहे. कणगी भरणाराचें वर्ष सुखाचें, हें खरें. पण ज्याची कणगी अर्धीच भरली, त्याचें काय? मार्गशीर्षांत भरलेलें धान आषाढ-श्रावणांत तळाशीं जातें. नेमकें त्याच वेळीं रोवणीचें काम अंगावर असतें, रानवाटा बंद होतात आणि पुढचें पीक अद्याप चार महिने दूर असतें. अशा कुटुंबास पोत्यानें खरेदी करतां येत नाहीं. तें मुठीमुठीनें घेतें, आणि मुठीचा भाव पोत्याच्या भावाहून नेहमींच चढा. रोख नसेल तर उधार, उधारीस सवाई-दिढी. ज्या चारोळीस शहरांत मेव्याचा मान, ती रानांतल्या माणसानें मध्य हिंदुस्थानांत कित्येक ठिकाणीं मिठाच्या बदल्यांत दिली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मीठ समुद्राकांठचें व चारोळी त्याच्या दारची. पण तराजू तिसऱ्याच्या हातीं. दारिद्र्याचा हा एक विचित्र नियम आहे कीं ज्याजवळ कमी, त्यासच वस्तु महाग पडते.

हा नियम आमच्याच देशाचा नाहीं. इंग्लंडांत रॉचडेल गांवच्या विणकऱ्यांस तो चांगलाच परिचित होता. उधारीचें दुकान, भेसळीचें पीठ आणि खोटें वजन यांस कंटाळून तेथील २८ माणसांनीं एकेक पौंड जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजीं स्वतःचें दुकान उघडलें. माल काय, तर पीठ, लोणी, साखर, ओटचें पीठ आणि मेणबत्त्या. नियम मात्र मोठे होते : माल शुद्ध, वजन पुरें, व्यवहार रोखीचा, प्रत्येक सभासदास एकच मत, आणि उरलेला नफा ज्यानें जितकी खरेदी केली त्या प्रमाणांत त्यासच परत. मद्रासेंत १९०४ सालीं ट्रिप्लिकेन येथें असेंच भांडार निघालें. मुंबईंत १९४८ सालीं नायगांवच्या कामगारवस्तींत ‘अपना बाजार’चा पाया पडला. पुण्यास १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ आरंभिली, आणि पुढच्याच वर्षीं मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची रीत मध्यमवर्गीय वाचकांपैकीं कित्येकांच्या घरांत प्रत्यक्ष चालत आलेली आहे : शेजारच्या कांहीं कुटुंबांनीं संघ करावयाचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवावयाची, घाऊक भावानें आणलेला माल एका घरीं उतरावयाचा, आणि सभासदांनींच तो वांटावयाचा. दुकान नाहीं, गल्ला नाहीं. घरची बैठक हीच वखार.

येथें ‘सभासद’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करणें अवश्य आहे. अमेरिकन वखारीचा सभासद हा परवाना घेतलेला गिऱ्हाईक होय. त्यास माल स्वस्त मिळतो हें निर्विवाद. पण वखार त्याची नव्हे. रॉचडेलचा किंवा ग्राहक पंचायतीचा सभासद हा तराजूचा धनी असतो. पहिल्याचा लाभ घेण्यास घरीं जागा लागते, वाहन लागतें आणि एकदम खर्च करण्याइतका पैसा लागतो. म्हणजे ज्यास काटकसरीची निकड कमी त्यासच ती साधते. दुसऱ्या प्रकारांत अनेकांची मूठ एकत्र होऊन तिचें पोतें बनतें. वडशाच्या रानांतल्या माणसाच्या वांट्यास मात्र पूर्वीं यांपैकीं कोणतेंच सभासदत्व आलें नाहीं. तो नुसता ऋणको राहिला.

ही स्थिति पालटावी म्हणून सरकारनें प्रयत्न केले नाहींत असें नाहीं. १९७२ सालीं आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालें. आदिवासींची आर्थिक स्थिति सुधारण्यासाठीं १९७६ सालीं कायदा झाला व त्याच्या आधारें धान्य आणि गौण वनोपज यांची एकाधिकार खरेदी सुरू झाली. १९७८ पासून पावसाळ्याच्या टंचाईंत खावटी कर्ज मिळूं लागलें. ‘खावटी’ हा शब्दच बोलका आहे : खाण्यापुरतें. २०२० सालीं, साथीच्या दिवसांत, कर्जाऐवजीं पात्र कुटुंबास ४,००० रुपयांचें अनुदान मंजूर झालें. अर्धें रोख व अर्धें डाळी, कडधान्यें, तेल, साखर, मीठ, चहा अशा वस्तूंच्या रूपानें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र माणसामागें दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला, आणि १ जानेवारी २०२३ पासून तें धान्य विनामूल्य झालें. या गोष्टींनीं श्रावणांतली चूल पेटती ठेवली, हें मान्य न करणें कृतघ्नपणाचें होईल.

तरीही एक उणीव राहते. या सर्व वखारींची किल्ली दूरच्या कचेरींत आहे. गोणींत काय असावें, ती केव्हां यावी, हें खाणारानें ठरविलेलें नसतें. या दृष्टीनें १९९६-९७ सालीं केंद्र सरकारनें आरंभिलेली ग्रामधान्यकोषांची योजना आम्हांस अधिक विचारार्ह वाटते. गांवांत सांठा ठेवावयाचा, टंचाईंत गांवकऱ्यांनींच तो उसना घ्यावयाचा आणि सुगींत परत भरावयाचा. रॉचडेलचें तत्त्व आणि आजीबाईची कणगी यांचा येथें मेळ बसतो.

या प्रांताच्या एका सुपुत्राची हकीकत सांगितल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. वैनगंगेच्या पलीकडे, नागभीड तालुक्यांतील नांदेड या खेड्याचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. आपल्या शेतांत वेगळीं दिसलेलीं कांहीं रोपें त्यांनीं १९८३ च्या सुमारास निवडून ठेवलीं व वर्षानुवर्षें जपून त्यांतून बारीक, चवदार तांदुळाचा एक वाण तयार केला. बाजारांत त्यास नांव मिळालें तें त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळाचें : एचएमटी. आज हा तांदूळ दूरदूरच्या शहरांतून पोत्यांनीं विकला जातो व आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या नित्याच्या जेवणांत आहे. खोब्रागडे यांस सन्मान मिळाले; पण त्या वाणाचें आर्थिक फळ त्यांच्या पदरीं फारसें पडलें नाहीं, आणि २०१८ सालीं ते निवर्तले. ज्यानें वाण दिला त्याच्या हातीं ना नांव ठरविणें होतें, ना भाव.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं, मोठ्या वखारीच्या स्वस्ताईनें हुरळून जाऊं नये आणि तिचा तिटकाराही करूं नये. पुष्कळ एकदम घेणें ही शहाणपणाचीच रीत आहे. आपल्या पूर्वजांनीं ती पाळली आणि आपणही पाळावी. मात्र कोणत्याही कोठाराची परीक्षा करतांना त्यांत माल किती आहे याबरोबरच तराजू कोणाच्या हातीं आहे, किल्ली कोणाच्या कमरेला आहे, आणि ज्याच्याजवळ एका मुठीपुरताच पैसा आहे त्यास आंत वाव आहे कीं नाहीं, हेंही विचारावें. देसाईगंजाच्या बाजारांत आजही धानाचीं पोतीं येतात आणि जातात. तीं भरणाऱ्या प्रत्येकाच्या घरची कणगी श्रावणांतही रिकामी होऊं नये, इतकें ज्या दिवशीं साधेल, त्या दिवशीं ‘गंज’ या शब्दाचा जुना अर्थ त्या गांवास खऱ्या अर्थानें लाभला असें म्हणतां येईल.