होन्या केंगले आणि सावकाराचा कागद

आज गोष्ट आपल्याच डोंगरातली आहे. आंबेगावच्या पश्चिमेला जांभोरी गाव आहे. आजही तिकडच्या बाया भातखाचरांत लावणी करतात आणि हिरडा गोळा करतात. दीडशे वर्षांपूर्वी या जांभोरीचा होन्या भागोजी केंगले नावाचा महादेव कोळी होता. इंग्रजांच्या पोलिसांनी त्याची नोंद दरोडेखोर म्हणून केली. आज त्याच डोंगरात त्याला आद्य क्रांतिकारक म्हणतात. माणूस एकच, मग नावं दोन कशी, ते पाहू.

1873 च्या सुमारास होन्यानं टोळी उभी केली. पुणे, नाशिक, नगरचा पश्चिम पट्टा आणि घाटाखालचा ठाण्याचा मुलूख, एवढा त्याचा वावर. तो सावकारांची घरं गाठायचा. कित्येक सावकारांची नाकं कापली गेली. हे क्रूर होतं, त्याला गोड नाव देऊ नये. सरकारनं खास पोलीस पथक नेमलं, त्याच्या डोक्यावर हजार रुपयांचं बक्षीस लावलं. त्या काळचे हजार, बरं का! तरी दोन-तीन वर्षं तो हाती लागला नाही. डोंगरातल्या वस्त्यांनी भाकरी दिल्याशिवाय आणि तोंड बंद ठेवल्याशिवाय असं होत नाही. शेवटी 1876 मध्ये मेजर डॅनियल या पोलीस अधिकाऱ्यानं त्याला पकडलं.

आता गंमत अशी, की ज्या सरकारनं त्याला पकडलं, त्याच सरकारच्या गॅझेटिअरमध्ये कबुली आहे की सावकार डोंगरातल्या लोकांना फसवतात, छळतात आणि गुन्ह्याकडे ढकलतात. म्हणजे कारण ठाऊक होतं.

ते कारण काय, तर कर्जाचा कागद. 1859 मध्ये मुदतीचा कायदा आला. कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, नाहीतर तो बाद. हेतू चांगला होता, जुनी कर्जं कायमची मानगुटीवर बसू नयेत असा. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार कुणब्याला बोलावून नवा कागद करून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालायचा. आपण हिशोब मांडू. समजा शंभर रुपये, वर्षाला पंचवीस टक्के व्याज. तीन वर्षांत व्याज झालं पंचाहत्तर, म्हणून नवा कागद एकशे पंचाहत्तरचा. आणखी तीन वर्षांनी कागद तीनशे सहाचा. घरात आले होते शंभरच! अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं आणि कोर्ट कागदावर जे लिहिलंय तेच खरं मानायचं.

तुम्ही म्हणाल, आपला गटही शेकडा दोन रुपये महिना घेतो, म्हणजे वर्षाला चोवीस. दर जवळपास तोच की! खरं आहे. पण गटाचं व्याज गटातच राहतं, आणि वही सगळ्यांसमोर उघडली जाते. सावकाराची वही एकाच्याच ताब्यात होती. भांडण दराचं होतंच, पण त्याहून जास्त वहीचं होतं, असं मला वाटतं.

याला पुरावा सपाटीवरचा आहे. होन्या डोंगरात होता तेव्हाच, 12 मे 1875 ला, बारामतीकडच्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. मग पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या आणखी गावांत तेच झालं. सावकारांना ठार मारण्यापेक्षा लोकांचा रोख त्यांच्या कागदांवर होता. कर्जरोखे काढून घ्यायचे आणि जाळायचे.

या दंग्यांवर पुढं अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातला. नील चार्ल्सवर्थ यांनी 1972 मध्ये लिहिलं की दंग्यांचा बाऊ झाला, गावं मोजली तर थोडीच होती. मला हे अर्धंच पटतं. किती गावं पेटली ते मोजता येतं, किती गावं मनात धुमसत होती ते कसं मोजणार? रणजित गुहा यांनी 1983 च्या पुस्तकात वेगळी वाट दाखवली. बंडखोरांनी स्वतः लिहिलेलं काही नसतं, असतात ते पोलिसांचे आणि कलेक्टरांचे कागद. ते उलटे वाचा, असं त्यांचं सांगणं. सरकार जिथं दरोडा लिहितं, तिथं त्या घरावर कुणाचं किती देणं होतं ते आधी बघा. होन्याच्या दोन नावांचं कोडं तिथं सुटतं. एक नाव सरकारी दप्तरातलं, दुसरं भाकरी देणाऱ्यांचं.

सरकारनं आयोग नेमला आणि 1879 मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा केला. कोर्टाला कागदाच्या मागं जाऊन मूळ दिले किती हे तपासायचा अधिकार मिळाला. कर्जदाराला पावती, वर्षाचा हिशोब आणि पासबुक मागता येऊ लागलं. आपल्या कपाटातल्या पासबुकाची एक पणजी ही अशी आहे.

सावकारही कमी नव्हते. गहाणखत तपासलं जातं ना? मग कर्जाच्या बदल्यात थेट खरेदीखतच लिहून घ्यायला लागले. तोंडी सांगायचं, पैसे फेडलेस की जमीन परत. ही युक्ती अजून गेलेली नाही. म्हणून महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यात कलम 18 आहे. बेकायदा सावकारीत जमीन गेली असेल, तर कागद खरेदीखताचा असला तरी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत सावकारी सिद्ध झाली, तर ते खरेदीखत रद्द ठरवून जमीन मूळ मालकाला किंवा वारसाला परत द्यायचा आदेश ते देऊ शकतात. वारसात मुलीही आल्या.