ज्यूरीचा कौल

पाचामुखी परमेश्वर ही म्हण ज्या देशात रूढ झाली, त्या देशात ज्यूरीची पद्धत का रुजू नये, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारा आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत या पद्धतीस स्थान उरले नाही. आपले लोकच न्यायनिवाड्यास अपात्र होते म्हणून ती गेली, असे मत पुष्कळदा ऐकू येते. ते मला एकांगी वाटते.

ज्यूरीचे मर्म सत्तेपासूनच्या तिच्या स्वातंत्र्यात आहे. १६७० साली लंडनमध्ये विल्यम पेन याच्यावरील खटल्यात पंचांस अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवण्यात आले. तथापि त्यांनी आरोपीस दोषी म्हटले नाही. त्याबद्दल त्यांस दंड झाला. बुशेल नावाच्या पंचाने तो न भरता तुरुंगवास पत्करला. आणि त्याची सुटका करताना न्या. व्हॉन यांनी, पंचांस त्यांच्या निर्णयाबद्दल शिक्षा करता येत नाही, हे तत्त्व कायमचे प्रस्थापित केले. शिवाय तेथे आरोपीस दोषी ठरविण्यास १२ही पंचांचे एकमत लागे. हा नियम १९६७ पर्यंत टिकला.

हेच रोपटे मुंबईस आणताना मात्र त्याची मुळे छाटण्यात आली. उच्च न्यायालयात ९ पंचांपैकी ६ जणांचे मत आणि न्यायाधीशांची संमती एवढ्यावर आरोपी दोषी ठरे. १८९७ साली लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात ६ पंच युरोपियन व ३ हिंदी होते, आणि कौलही ६ विरुद्ध ३ असाच पडला. इंग्लंडात असा मतभेद होता तर शिक्षा देता आली नसती. नव्या पंचांपुढे खटला पुन्हा चालवावा लागला असता. १९०८ साली ७ युरोपियन व २ पारशी पंच बसले. कौल ७ विरुद्ध २. ज्या मराठी लेखांवरून ६ वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली, ते बहुतेक पंचांस भाषांतरावरूनच जाणावे लागले. याला समाजाचा कौल कोण म्हणेल?

सत्र न्यायालयांत तर पंचांचा निर्णय न्यायाधीशांस न पटल्यास प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविण्याची मुभा होती. १९५९ च्या नानावटी खटल्यात हेच घडले. पंचांनी ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीस खुनाच्या आरोपातून मुक्त केले. उच्च न्यायालयाने त्यास दोषी ठरविले, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. या खटल्यात वृत्तपत्रांनी लोकमत किती पेटविले होते, हे सर्वश्रुत आहे. मात्र ज्यूरी रद्द करावी, ही विधी आयोगाची शिफारस त्यापूर्वीच, १९५८ साली झाली होती, हे विसरता कामा नये.

मग ही पद्धत पुन्हा आणावी काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. पंच आपल्या निर्णयाची कारणे सांगत नाहीत. न्यायाधीशास ती लिहावी लागतात व अपिलात त्यांची पारख होते. जातिधर्माच्या अभिमानांनी विभागलेल्या समाजात आरोपीस हेच संरक्षण अधिक भरवशाचे होय. परंतु ज्या लोकांवर राज्यकर्त्यांनी कधी पुरता विश्वास टाकलाच नाही, त्यांस अपात्र ठरविणे हा न्याय नव्हे. न्यायदानातील प्रजेचा वाटा गेला असला, तरी निकालपत्रे वाचून त्यांतील कारणे पारखण्याचा तिचा अधिकार कायम आहे. त्यासाठी ती निकालपत्रे तिला कळणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत. नाहीतर १९०८ साली पंचांची जी अडचण झाली, तीच आज सामान्य नागरिकाची होईल.