मृदू जेलाची ताठरता : मापनाच्या इतिहासातील एक प्रश्न

मुंबईच्या पूर्व उपनगरांतील ट्रॉम्बे येथे गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणारे 'आयसोमेड' हे केंद्र १९७४ साली सुरू झाले. पुढे तेथील भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रारणाचाच उपयोग करून, पॉलिव्हिनिल अल्कोहोलाच्या जलीय द्रावणापासून भाजलेल्या जखमांवर लावावयाची जेलपट्टी सिद्ध केली. प्रारणाने बहुवारिकाच्या साखळ्या परस्परांशी बांधल्या जातात आणि निर्जंतुकीकरणही त्याच क्रियेत साधते. ही पट्टी जखमेच्या उंचसखल पृष्ठभागावर नीट बसण्याइतकी मऊ हवी, पण उचलताना तुटता कामा नये. तेव्हा तिची ताठरता किती, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

व्यवहारात या प्रश्नाचे उत्तर जिलेटीनच्या व्यापाराने बरेच आधी शोधले होते. ऑस्कर ब्लूम याने १९२५ साली पेटंट घेतलेल्या उपकरणात १२.७ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या जेलात ४ मिलिमीटर उतरेपर्यंत त्यावर शिशाचे छर्रे पडू देत. छर्‍यांचे ग्रॅममधील वजन हीच जेलाची प्रत. हा आकडा दट्ट्याच्या आकाराशी बांधलेला असल्याने त्यास पदार्थाचा गुणधर्म म्हणता येत नाही. १९४० नंतरच्या दशकात ट्रेलोर प्रभृतींनी रबराच्या स्थितिस्थापकतेचा सिद्धांत मांडला आणि जेलाचा दंडगोल दोन तबकड्यांमध्ये दाबून मिळणार्‍या आलेखावरून साखळ्यांमधील बंधांची घनता काढणे शक्य झाले.

परंतु जेल म्हणजे रबर नव्हे. त्यात बहुतांश पाणीच असते. बिओ याने १९४१ साली पाण्याने भरलेल्या मातीविषयी केलेला विचार १९७३ साली तानाका व त्याचे सहकारी यांच्या जेलांवरील कार्याशी जुळतो. झटकन दाबल्यास पाण्याला निसटण्यास अवधी मिळत नाही व जेल ताठर भासते; दाबून ठेवल्यास पाणी झिरपते आणि प्रतिबल ओसरते. नमुन्याचा व्यास दुप्पट केल्यास हा काळ चौपट होतो. म्हणून एकाच जेलाविषयी दोन प्रयोगशाळांचे भिन्न आकडे दोन्ही खरे असू शकतात. ब्लूमची रीत ओबडधोबड खरीच, पण तीत द्रावणाचे प्रमाण, तपमान आणि खोली ठरलेली असे. अलीकडील अनेक निबंधांत किलोपास्कलचा आकडा असतो, दाबण्याचा वेग मात्र नसतो.

ट्रॉम्बेच्या पट्टीसारख्या पातळ वस्तूविषयी आणखी एक अडचण उद्भवते. तबकड्यांना चिकटलेली पातळ चकती बाजूंना मोकळेपणी पसरू शकत नाही आणि मूळ पदार्थाहून कितीतरी ताठर दिसते. तबकड्यांना तेल लावून घर्षण कमी करता येते, किंवा त्याच द्रावणापासून, तितक्याच प्रारणमात्रेने, उंच दंडगोल वेगळा घडवून तो दाबता येतो. अशा वेळी मोजला जातो तो दंडगोल. जखमेवर बसणारी असते ती पट्टी.