डिक्सबाईंचे अर्ज

राज्यकर्त्यांकडे अर्ज करणें हा दुबळ्यांचा फार जुना हक्क आहे. मुंबईंत १८५२ सालीं बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तेव्हां तिनें हातीं घेतलेलें पहिलें मोठें काम म्हणजे विलायतेच्या पार्लमेंटाकडे अर्ज धाडणें हेंच होतें. ज्यांना निवडणुकींत मत नव्हतें, त्यांना आपलें म्हणणें सत्ताधाऱ्यांच्या कानीं घालण्यास दुसरा मार्गच नव्हता. त्याच सुमारास अटलांटिक महासागरापलीकडे अमेरिकेंत एक अविवाहित शिक्षिका केवळ अर्जांच्या जोरावर एकामागून एक राज्यांचे कायदे घडवून आणीत होती. तिलाही मत नव्हतें. कायदेमंडळाच्या सभागृहांत उभें राहून बोलण्याची सोय नव्हती. शिवाय तिचे अर्ज स्वतःसाठीं नव्हतेच. ज्यांना अर्ज म्हणजे काय हेंही उमजण्याची शक्ति उरलेली नव्हती, अशा वेड लागलेल्या माणसांसाठीं ते होते.

डोरोथिया लिंड डिक्स यांचा जन्म १८०२ सालीं मेन प्रांतांतील हॅम्पडन या गांवीं झाला. घरांत सुख नव्हतें. लहानपणींच त्या बोस्टनला आजीच्या आश्रयाला आल्या, आणि वयाच्या चौदाव्या वर्षीं वूस्टर येथें मुलांची शाळा चालवूं लागल्या. पुढें बोस्टनमध्यें त्यांनीं शाळा काढली, मुलांसाठीं पुस्तकें लिहिलीं. परंतु प्रकृति खालावली आणि १८३६ सालीं विश्रांतीसाठीं त्यांना इंग्लंडला जावें लागलें. तेथें लिव्हरपूलच्या रॅथबोन कुटुंबांत त्या वर्षाहून अधिक काळ राहिल्या. वेड्यांना साखळदंडांनीं न बांधतां शांततेनें, कामांत गुंतवून आणि प्रेमानें वागवावें, हा क्वेकर पंथीयांनीं यॉर्क येथें १७९६ पासून प्रत्यक्षांत आणलेला विचार त्या काळीं इंग्लंडांतील सुधारक मंडळींत चांगलाच रुजला होता. आजीच्या मृत्यूनंतर पोटापुरतें उत्पन्न हातीं आलें, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेली ही बाई आयुष्याचें काय करावें या विवंचनेंत बोस्टनला परतली.

१८४१ च्या मार्च महिन्यांत एका रविवारीं ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगांतील स्त्री-कैद्यांना धर्मपाठ देण्यासाठीं त्यांना बोलावण्यांत आलें. पाठ संपल्यावर त्यांनीं तुरुंग हिंडून पाहिला. गुन्हेगारांच्या सोबतीनें तेथें कांहीं वेड्या स्त्रियाही कोंडलेल्या होत्या, आणि मॅसॅच्युसेट्सच्या त्या थंडींत त्यांच्या खोल्यांत शेगडी नव्हती. कारण विचारतां तुरुंगाधिकाऱ्यानें सांगितलें, कीं वेड्यांना थंडी वाजत नाहीं. हा माणूस विशेष दुष्ट होता असें नव्हे. हा त्या काळचा सर्वमान्य समज होता. डिक्सबाईंनीं न्यायालयाकडे दाद मागितली आणि त्या खोल्यांत शेगड्या आल्या.

इतक्यावर बहुतेकांनीं समाधान मानलें असतें. पण डिक्सबाईंच्या मनांत प्रश्न उभा राहिला, कीं एका तुरुंगांत असें, तर बाकीच्या गांवांत काय असेल? आंधळ्यांच्या शिक्षणासाठीं नांवाजलेले डॉक्टर सॅम्युएल हाउ, शिक्षणसुधारक होरेस मॅन आणि तरुण वकील चार्ल्स समनर यांचें पाठबळ त्यांना मिळालें, आणि वही घेऊन त्या मॅसॅच्युसेट्स राज्यभर हिंडूं लागल्या. तुरुंग, आणि निराधार माणसांना गांवच्या खर्चानें ठेवण्याचीं घरें, त्यांनीं एकेक करून पाहिलीं. वेड्यांना ठेवून घेण्याचा मक्ता गांवकरी जो कमींत कमी पैसे मागेल त्याला देत, म्हणून खाजगी शेतांवरचे गोठे आणि कोठ्याही त्यांना पाहाव्या लागल्या.

१८४३ च्या जानेवारींत हाउ यांनीं त्यांचें निवेदन कायदेमंडळापुढें ठेवलें. तीसएक पानांचा हा मजकूर आजही वाचवत नाहीं. त्यांत गांवांचीं नांवें आहेत, माणसांची संख्या आहे, आणि प्रत्येक ठिकाणीं काय दिसलें याची सरळ नोंद आहे: कोठें पिंजरा, कोठें तळघर, कोठें लांकडी खुराडें, अंगावर वस्त्र नाहीं, पायांत बेडी, बिछान्याऐवजीं गवत. कुलीन स्त्रीनें अशा गोष्टी उच्चारणेंही अनुचित समजलें जाण्याचा तो काळ होता. बाईंनीं तो आक्षेप ओळखून आधींच सांगून टाकलें, कीं विषय शिष्टसंमत नसेल, पण ज्यांच्याविषयीं बोलायचें त्यांना स्वतः बोलतां येत नाहीं. मग खळबळ उडाली. कित्येक गांवच्या व्यवस्थापकांनीं वर्तमानपत्रांतून हें सारें खोटें असल्याचा पुकारा केला. त्यांच्या तक्रारींत कांहीं तथ्यही होतें. बाईंच्या पुढील चरित्रकारांनीं त्यांचीं कांहीं वर्णनें तपासून तीं भडक रंगविलेलीं असल्याचें दाखविलें आहे. तथापि मुख्य आरोप कोणालाच खोडतां आला नाहीं. वूस्टर येथें १८३३ पासून चालत असलेलें राज्याचें वेड्यांचें इस्पितळ वाढविण्याचा ठराव त्याच वर्षीं संमत झाला.

पुढें हीच पद्धत त्यांनीं राज्यामागून राज्यांत चालविली. आधीं महिनोन् महिने प्रवास करून पाहणी, मग निवेदन, आणि निवेदन मांडण्यास सभागृहांतील एखादा वजनदार सभासद. खरें काम मात्र सभागृहाबाहेर चाले. राजधानींत त्या बिऱ्हाड करीत, पहांटे उठून पत्रें लिहीत आणि संध्याकाळीं सभासदांना दिवाणखान्यांत बोलावून घेत. १८४५ सालीं न्यू जर्सींत असाच एक खेडवळ सभासद, वेड्यांच्या हालअपेष्टा म्हणजे सगळें थोतांड आहे, असें बजावण्यासाठींच आला होता. दीड तास बाईंचें ऐकून घेतल्यावर तो उठला आणि आपलें मत विधेयकाच्या बाजूनें पडेल असें सांगून गेला. त्या राज्याच्या निवेदनांत एका वृद्धाची हकिकत आहे. हा गृहस्थ एके काळीं न्यायाधीश आणि कायदेमंडळाचा सभासद होता. वृद्धापकाळीं बुद्धि गेली, पैसा गेला, आणि निराधारगृहाच्या तळघरांत तो एकटा पडून होता. ऐकणाऱ्यांपैकीं कित्येकांना तो ओळखीचा होता. वेड ही परक्यांची व्याधि नव्हे, आज या बांकांवर बसलेल्यालाही ती गांठील, हें याहून परिणामकारक रीतीनें सांगणें कठीण होतें. ट्रेंटनचें इस्पितळ १८४८ सालीं उघडलें. बाई त्याला आपलें पहिलें अपत्य म्हणत.

त्याच वर्षाअखेर त्या नॉर्थ कॅरोलिनांत गेल्या. तेथें दोन्ही पक्षांचें बळ जवळजवळ सारखें होतें आणि कर वाढविण्यास कोणीच तयार नव्हतें. इस्पितळाचें विधेयक पडल्यांतच जमा होतें. रॅले शहरांत ज्या हॉटेलांत डिक्सबाई उतरल्या होत्या, तेथेंच जेम्स डॉबिन या सभासदाची पत्नी मरणोन्मुख होती. बाईंनीं तिची शुश्रूषा केली. या उपकाराची फेड कशी करूं, असें तिनें विचारलें तेव्हां, पतीनें विधेयकासाठीं बोलावें, एवढेंच मागणें बाईंनीं मागितलें. पत्नीची उत्तरक्रिया आटोपून डॉबिन परतला आणि सभागृहांत उभा राहिला. त्याच्या भाषणानंतर विधेयक प्रचंड बहुमतानें संमत झालें. हा प्रसंग बाईंच्या चरित्रांतून नेहमीं गहिंवरून सांगितला जातो. तो हृद्य आहे खरा. पण मरणाऱ्या स्त्रीपाशींही आपल्या कामाचाच विचार करणाऱ्या बाईंच्या एकाग्रतेंत थोडें भय वाटावें असेंही कांहीं आहे. दक्षिणेंतील त्याच प्रवासांत गुलामांचे बाजार त्यांच्या डोळ्यांसमोर होते. त्याविषयीं त्यांनीं जाहीर शब्द काढला नाहीं. काढला असता तर तेथील एकाही कायदेमंडळानें त्यांना दारांत उभें केलें नसतें, हा हिशेब त्यांत नव्हता असें म्हणवत नाहीं.

राज्यांच्या तिजोऱ्या पुरेनात, म्हणून १८४८ सालीं त्यांनीं थेट वॉशिंग्टनला काँग्रेसकडे धाव घेतली. त्यांची मागणी मोठी कल्पक होती. पश्चिमेकडील लाखों एकर सरकारी जमीन रेल्वे कंपन्यांना आणि शाळांना वाटली जातच होती. त्यांतली कांहीं वेड्यांच्या इस्पितळांसाठीं द्यावी, आणि तिच्या विक्रीच्या रकमेचें व्याज राज्यांना मिळावें. काँग्रेसनें त्यांना सभासदांना भेटण्यासाठीं कॅपिटॉलच्या ग्रंथालयांत एक कोनाडा दिला होता. तेथें त्या दिवसेंदिवस बसत. सहा वर्षें विधेयक कधीं या सभागृहांत तर कधीं त्या सभागृहांत अडत राहिलें. अखेर १८५४ सालीं दोन्ही सभागृहांनीं तें संमत केलें: १,२२,२५,००० एकर, पैकीं एक कोटि एकर वेड्यांसाठीं आणि उरलेली जमीन आंधळ्या व मुक्याबहिऱ्यांसाठीं.

मे महिन्यांत राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पीअर्स यांनीं तें नाकारलें. हेतूशीं आपली सहानुभूति आहे, परंतु देशांतील सर्व दीनदुबळ्यांचा पोशिंदा होण्याचा अधिकार घटनेनें मध्यवर्ती सरकारला दिलेला नाहीं, तें काम राज्यांचें, असा त्यांचा युक्तिवाद होता. नकार उलथविण्यापुरतीं मतें सीनेटमध्यें मिळालीं नाहींत. पीअर्स यांच्याच मंत्रिमंडळांत त्या वेळीं जेम्स डॉबिन आरमाराचा मंत्री होता. या एका नकाराचा पगडा फार काळ टिकला. मानसिक आरोग्याला मध्यवर्ती सरकारनें पैसा पुरवावा, हें कायद्यानें मान्य होण्यास १९४६ साल उजाडावें लागलें.

राज्याराज्यांतून उभ्या राहिलेल्या इस्पितळांची कहाणी निराळीच झाली. निवेदनांतून बाईंनीं कारुण्याइतकाच हिशेबावर भर दिला होता: नवा रोगी लवकर इस्पितळांत आणला तर तो बहुधा बरा होतो, आणि बरा झालेला माणूस जन्मभर पोसाव्या लागणाऱ्या माणसाहून स्वस्त पडतो. बरे झालेल्यांचे आंकडे त्यांनीं इस्पितळांच्या अहवालांतूनच घेतले होते. १८७७ सालीं नॉर्थॅम्प्टनच्या इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर प्लिनी अर्ल यांनीं ते आंकडे उकलून दाखविले. एकच रोगी बरा होऊन घरीं जाई, पुन्हा बिघडून परत येई, आणि प्रत्येक वेळीं बरा झालेला म्हणून नव्यानें मोजला जाई. प्रत्यक्षांत रोगी बरे होऊन जागा मोकळी होण्याऐवजीं सांचत गेले. लहान, शांत आश्रयस्थानांची कल्पना हजारों खाटांच्या कोंडवाड्यांत बुडाली. १९५५ सालीं अशा सरकारी इस्पितळांतून सुमारें ५,५९,००० माणसें होतीं.

आंतील हालांविरुद्ध पुन्हा अर्जच झाले, आणि या वेळीं ते तेथें कोंडल्या गेलेल्यांनींच केले. इलिनॉयमध्यें नवऱ्यानें वेडी ठरवून तीन वर्षें डांबून ठेवलेल्या एलिझाबेथ पॅकार्ड यांनीं १८६७ सालीं, पंचांपुढील चौकशीशिवाय कोणालाही वेड्यांत काढूं नये, असा कायदा आपल्या राज्यांत करविला. क्लिफर्ड बीअर्स यांनीं १९०८ सालीं स्वतःच्या इस्पितळवासाचें पुस्तक छापून मानसिक आरोग्याच्या मंडळांची चळवळ सुरू केली. १९६३ च्या ऑक्टोबरांत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनीं, रुग्णांवर त्यांच्याच वस्तींत उपचार करणारीं केंद्रें काढण्याच्या कायद्यावर सही केली. त्यानंतर जुनीं इस्पितळें झपाट्यानें रिकामीं झालीं. ठरविलेल्या केंद्रांपैकीं पुष्कळशीं मात्र उभींच राहिलीं नाहींत, आणि सुटलेल्यांपैकीं अनेकजण रस्त्यावर किंवा, डिक्सबाईंना ते प्रथम जेथें भेटले त्या तुरुंगांत, जाऊन पोंचले.

बाई १८८१ सालीं ट्रेंटनच्या इस्पितळांत राहावयास आल्या. तेथें त्यांना खोल्या देण्यांत आल्या होत्या. १८८७ च्या जुलै महिन्यांत त्या तेथेंच निवर्तल्या. आपलें नांव इमारतींना देण्यास त्या नेहमीं नकार देत. रॅलेच्या लोकांना त्यांनीं टेकडीला फक्त आपल्या आजोबांचें नांव देऊं दिलें, आणि तें आडनांव डिक्स हेंच असल्यानें दोघांचेंही काम भागलें. तेथील इस्पितळ २०१२ सालीं बंद झालें. जमीन २०१५ सालीं शहरानें विकत घेतली, आणि तेथें आतां सार्वजनिक उद्यान आहे. इस्पितळांत मरण पावलेल्या शेंकडों रुग्णांच्या कबरी त्या जागेंतच आहेत.